वाटीतलं गोडं पाणी

अबुआनोच्या किनाऱ्यावर फिटर ओटूची ओळख सांगायची तर लोक आधी त्याच्या नाकाची सांगतात. नाक काही देखणं नाही. बसकं, आणि एका नाकपुडीवर कधीकाळी भाजल्याचा पांढुरका डाग. पण बंद पडलेल्या इंजिनापाशी हा माणूस बसला, की पान्याला हात लावायच्या आधी वाकून वास घ्यायचा. जळकं तेल, तापून चिकटलेलं रबर, टाकीत धरलेला गंज, सगळं त्याला वासावरून कळायचं. जाळी विणणारे चेष्टा करायचे, की ओटू इंजिन दुरुस्त करत नाही, नुसतं हुंगून सोडतो. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे. "तुमच्या बायका कालवण हुंगतात तेव्हा हसता का? मग गप दोर ओढा."

माणूस तसा तिरसट. होडीच्या मागे इंजिन बसवलं, की आमच्याकडे त्यावर काही ना काही बांधतातच. कुणी कवड्यांची माळ, कुणी लाल चिंधी, कुणी प्रार्थनाघरातून आणलेला दोरा. ओटू इंजिन उघडायच्या आधी ते सगळं सोडायचा, फळीवर नीट मांडून ठेवायचा आणि काम झालं की मालकाच्या ओंजळीत घालायचा. म्हणायचा, "हे तुमचं, ते माझं. इंजिनाला देव कळत नाही. ठिणगी, दाब आणि तेल, एवढंच कळतं त्याला." लोकांना राग यायचा, पण इंजिन त्याच्याकडेच आणायचे, कारण ओटूचा हात लागलेलं इंजिन समुद्रात दगा देत नाही अशी त्याची ख्याती होती. आणि त्याच्या या टोमण्यांवर सगळ्यात मोठ्याने हसायची ती त्याची बायको, अराबा.

अराबा मासे धुरावर भाजून विकते. राहते आपल्या आईच्या घरी, जशी आमच्याकडची कुठलीही बायको राहते. नवरा त्याच्या घरी, ती तिच्या. संध्याकाळी ती झाकलेला वाडगा घेऊन त्याच्या दारी येते, आणि वाडगा येतोय तोवर संसार ठीक चाललाय असं शेजारपाजार समजतो. ओटूच्या दारी वाडगा कधी चुकला नाही. एकदाच चुकला होता, आणि तोही अराबाच्या बाजूने नव्हे. तिने आणलेला वाडगा त्याने सात-आठ दिवस उघडलाच नव्हता.

ती गोष्ट एबोची. एबो अराबाचा पाठचा भाऊ. दोघंही मंगळवारी जन्मलेली, आणि मंगळवारच्या पोरांना समुद्र नेत नाही, असं त्यांची आई सांगायची. आयांना काय, त्या काहीही सांगतात. एबोच्या होडीचं इंजिन ओटूने दुरुस्त केलं, होडी गेली, आणि परत आली नाही. फळी नाही, वल्हं नाही, माणूस नाही. त्या रात्री वादळ झालं होतं हे खरं, पण वादळात बाकीच्या होड्या परत आल्या होत्या हेही खरं. बंद पडलेलं इंजिन उघडलं की कारण सापडतं, या एका गोष्टीवर ओटूचा जन्म गेला होता. आणि हे इंजिन समुद्राच्या तळाशी पडलं होतं, ते उघडणार कोण? ते तो रोज मनात उघडायचा. प्लग घट्ट केला होता ना? नळीची पकड बसवली होती ना? त्याने हत्यारांची पेटी खाटेखाली सरकवली, आणि जेवण सोडलं.

तेव्हा अराबा आली होती, सुतकाचं लाल कापड नेसून. तिने वाडगा त्याच्या समोर ठेवला आणि म्हणाली, "तुझ्या हातात खोट नाही. समुद्राने नेलं त्याला. जेव, आणि उद्या पेटी उघड." जिचा भाऊ गेला तीच असं म्हणते, तर मग आपण कोण, असं ओटूला वाटलं. तो जेवला. दुसऱ्या दिवशी त्याने पेटी उघडली. त्यानंतरची सगळी वर्षं तो त्या एका वाक्यावर जगला असं म्हटलं तरी चालेल.

आता मूळ गोष्ट.

तारलीच्या हंगामाच्या तोंडावर एना ताचिवाने आपलं इंजिन ओटूकडे आणलं. एना म्हणजे आई. पण ही बाई मऊ बोलणारी आई नव्हे. तिच्या मालकीच्या होड्या आहेत, किनाऱ्यावर तिचा शब्द चालतो आणि तिच्या शिव्या त्याहून चालतात. इंजिन ओटूने पूर्ण खोललं, घासलं, झिजलेलं बदललं आणि शनिवारी होडीवर बसवून चालवून दाखवलं. टाकीत निळं तेल भरलं, झाकण स्वतः आवळलं. या खेपेला त्या होडीवर ओटू-अराबाचा धाकटा मुलगा फिफी पहिल्यांदाच जाणार होता. अंगाने चांगला दांडगा झाला होता आणि आपण मामासारखे खलाशी होणार असं लहानपणापासून म्हणत होता. अराबाने त्याला नाही म्हणून पाहिलं, मग गप्प झाली.

होडी रविवारी गेली. सोमवारी दुपारी ती परत आली ती दुसऱ्या होडीला बांधून, ओढत. खोल समुद्रात, जाळं पाण्यात असताना, इंजिन खोकलं आणि मेलं. प्रवाहाने होडी खडकांकडे नेली. माणसं वल्ही मारून वाचली, पण जाळं खडकावर अडकून त्याच्या चिंध्या झाल्या. हंगाम तोंडावर आणि जाळं गेलेलं. एना ताचिवा ओल्या वाळूत उभी राहून ओटूला एवढंच म्हणाली, "तुझं इंजिन मेलं, फिटर. उद्या नानांसमोर उघडू."

आमच्याकडे मंगळवारी कुणी समुद्रावर जात नाही. तो समुद्राच्या विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी फाटकी जाळी शिवायची आणि भांडणं मिटवायची. कोळ्यांचे मुख्य नाना अमिसा नारळीखालच्या मांडवात बसतात. इंजिनाची तक्रार असेल तर इंजिन तिथेच आणतात आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघडतात. माणूस खोटं बोलेल, इंजिन बोलणार नाही, असा त्यामागचा हिशेब. चूक फिटरची निघाली तर एक मेंढा आणि दारूच्या बाटल्या हे दंडाचं झालं. त्याहून वाईट म्हणजे नाना पुन्हा हो म्हणेपर्यंत या किनाऱ्यावरचं एकही इंजिन त्याच्या हातात द्यायचं नाही. ओटूला मेंढ्याचं काही नव्हतं. पण हात काढून घेतल्यावर फिटरजवळ उरतं काय?

नानांनी वाळूवर दारूचा थेंब सोडला, पूर्वजांना साक्षीला बोलावलं, आणि ओटू कामाला लागला. आधी इंजिनावरची लाल चिंधी सोडून त्याने ताचिवाच्या हातात दिली. या वेळी कुणी हसलं नाही. मग त्याने वास घेतला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली, कारण जळका वास नव्हता. इंजिन तापून मेलेलं नव्हतं. त्याने प्लग काढला. प्लग ओला. तो लोखंडाला टेकवून दोर ओढला, तर ठिणगी निळी, चटकन पडणारी. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून पुन्हा ओढला. दाबाने अंगठा उडाला. म्हणजे ठिणगी आहे, दाब आहे. जमलेल्या लोकांनी तोवर आपापली कारणं सांगून टाकली होती. एक म्हणाला, कुणीतरी होडीत शीळ घातली असणार. एकाने फिटरचं वय काढलं. तांडेलाने सांगितलं, की निघताना इंजिन गाणं म्हणावं तसं चालत होतं, मग लाटा वाढल्या आणि तिथून बिघडलं. फिफीला विचारलं तर त्याने बापाकडे न बघता तेच सांगितलं.

लाटा वाढल्यावर बिघडलं, हे ऐकून ओटू थांबला. टाकीच्या तळाशी जे बसलेलं असतं ते लाटांनीच ढवळून वर येतं. त्याने कार्बोरेटर उघडला, त्याच्या खालची छोटी वाटी काढली आणि तिच्यातलं सगळं काचेच्या पेल्यात ओतलं. टाकीच्या तळातलंही थोडं त्यात घेतलं. पेला त्याने उजेडात धरला. वर निळं तेल, आणि खाली, तेलाला अजिबात न मिसळता, स्वच्छ पाणी.

पाणी हा शब्द मांडवभर फिरला. आणि आता हा प्रश्न फिटरचा उरला नाही, हे सगळ्यांना कळलं. टाकीत पाणी दोनच वाटांनी जातं. खारं असेल तर तांडेलाने झाकण उघडं ठेवलं आणि लाट आत आली. गोडं असेल तर तेलवाल्याने तेलात पाणी घातलं. आमचा तेलवाला एग्या बाइडू, एग्या म्हणजे बाप, पिकल्या केसांचा, भित्रा माणूस. सरकारकडून येणारं निळं तेल तो होडीहोडीला मापून देतो. तेल देणाऱ्यावर जगात कुठेच कुणाचा विश्वास नसतो, तसा त्याच्यावरही नव्हता. ओटूचा मात्र होता. तेल देण्याआधी तो म्हातारा ते दुहेरी कापडातून गाळतो, हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

"खारं की गोडं?" नानांनी विचारलं.

ओटूने बारीक नळीने वरचं तेल शोषून थुंकलं, आणि खालच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"गोडं," तो म्हणाला.

मग काय विचारता. बाइडूच्या सात पिढ्या निघाल्या. कुणी म्हणालं, म्हणूनच याच्या घरावर नवे पत्रे आले. ताचिवा उठून त्याच्या अंगावर जायला निघाली. म्हातारा ओटूच्या शेजारीच उभा होता, आणि त्याला बोलताच येईना. नुसते हात हलवत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी ती अशी. ओटूला हे पटत नव्हतं, म्हणून त्याने पेला उन्हात ठेवला, उरलेला तेलाचा तवंग उडू दिला, आणि मग वाकून वास घेतला.

तेलाखाली आणखी एक वास होता. लवंग, आणि त्यावर संत्र्याची साल.

तो वास त्याला पाठ होता. रविवारी संध्याकाळी अराबा वाडगा घेऊन यायची तेव्हा तिच्या डोक्याच्या फडक्याला तोच वास असायचा. खाडीपलीकडच्या प्रार्थनाघरात एक प्रॉफेट बसतो. तो मंतरलेलं अत्तरपाणी बाटलीत भरून देतो. बायका गाण्यासाठी जातात तिथे, असं ओटू समजत होता. अराबाही तेच सांगायची, गाणी बरी असतात म्हणून.

त्याने मान वर केली. बायकांच्या रांगेत अराबा पालथ्या परातीवर बसली होती आणि वाळूकडे बघत होती. त्याला वाटलं, ती आता उठेल. वीस-बावीस वर्षं तो या बाईला ओळखत होता. बाजारात माशाचा एक तुकडा कमी पडला तर परत बोलावून देणारी बाई. समोर एका निरपराध म्हाताऱ्याची अब्रू जात होती आणि तिच्या नवऱ्याची टांगणीला लागली होती. ती उठेलच. तिला वेळ मिळावा म्हणून ओटूने पेला उगाच पुसला. प्लग पुन्हा पुसला. हात पुसले. अराबा मूग गिळून बसून राहिली. रांगेतल्या बाकीच्या बायकाही खालीच बघत होत्या, पण त्याचा अर्थ त्याला तेव्हा लागला नाही. त्याला एकच मान दिसत होती.

"फिटर," नाना म्हणाले, "पाणी कुणाचं?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिचं नाव घ्यावं तर भर मांडवात बायकोला ताचिवाच्या तोंडी द्यायचं. न घ्यावं तर बाइडू मरतो. ओटूने पेला उचलला आणि दुसऱ्या कुणाला वास यायच्या आत पाणी वाळूत ओतून टाकलं.

"माझं," तो म्हणाला. "टाकी मी गोड्या पाण्याने धुतली होती. वाळवायची राहिली."

लोक एकमेकांकडे बघू लागले, कारण असली चूक कुणी करत नाही. टाकी तेलानेच विसळायची, हे आमच्याकडे पोहता येण्याआधी कळतं. ताचिवाने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "शेंबडं पोरही टाकी पाण्याने धूत नाही, फिटर," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत नाक राहिलं आणि डोकं गेलं वाटतं." तेव्हा मात्र मांडव हसला. लोकांना इंजिनावर बांधलेल्या चिंध्यांचे सगळे टोमणे आठवत होते, आणि ते हसले याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. फिफी उठून निघून गेला. नाना ओटूकडे बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "तू म्हणतोस तर तसं." मेंढा, बाटल्या, आणि हंगाम संपेपर्यंत हात बंद. इंजिनं आता विनेबा गावच्या फिटरकडे जाणार होती.

त्या संध्याकाळी वाडगा आला. त्यात पामच्या फळांचं दाट कालवण होतं, खेकडे घातलेलं, आणि सोबत गरम केंके, आंबवलेल्या मक्याचे उंडे. एवढं जेवण आमच्याकडे बारशाला करतात. वासावरूनच त्याला ते कळलं आणि त्याचं डोकं आणखी फिरलं. त्याने झाकणाला हात लावला नाही.

"कधी ओतलंस?" त्याने विचारलं.

अराबाने वेड पांघरलं नाही. "शनिवारी. तू आंघोळीला गेलास तेव्हा."

"किती?"

"अर्धी बाटली. फिफी पहिल्यांदा जात होता, म्हणून."

चालत्या इंजिनात एखादा बारीक ठोका चुकला की तो त्याच्या कानाला टोचायचा, तसं तिच्या त्या बोलण्यातलं काहीतरी त्याला टोचलं. मग म्हणाला, "म्हणून अर्धी. एरवी किती?"

तिने वाडगा त्याच्यासमोर सरकवला.

"अराबा, एरवी किती?"

"टोपणभर," ती म्हणाली. "टोपणभराने काही होत नाही. कधी झालं का?"

"एरवी म्हणजे कुठल्या इंजिनात?"

"तू बसवलेल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या," ती म्हणाली. "एबो गेल्यानंतर तू पहिलं इंजिन बसवलंस ना, तेव्हापासून."

अंगणात कुणाची तरी बकरी दोरी ओढत होती. ओटू तिच्याकडे बघत राहिला. त्याला एवढंच कळत होतं, की आपल्या पायाखालची फळी कुणीतरी काढून घेतली आहे, आणि ती आज काढलेली नाही, ती कधी नव्हतीच.

"तू म्हणाली होतीस माझ्या हातात खोट नाही."

"तू आठवडाभर जेवला नव्हतास. भाऊ गेला होता. नवरापण घालवू? मी काय म्हणायला हवं होतं?"

"खरं."

"खरं मला ठाऊक नव्हतं, ओटू. मला अजून ठाऊक नाही. तुला आहे?" तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तू म्हणायचास, इंजिन चांगलं होतं. मी मान डोलवायचे. पण होडी निघाली की ती दिसेनाशी होईपर्यंत मी वाळूत उभी राहायचे. दुसऱ्यांची पोरं असायची त्यावर. म्हणून टोपणभर घालायचे. तुझ्या वाईटाला नव्हतं ते."

"आणि मी चिंध्या सोडायचो तेव्हा हसायचीस."

अराबाने वाडग्याचं झाकण उगाच पुन्हा नीट बसवलं.

"आज का उठली नाहीस?"

"उठले असते तर काय झालं असतं? फिटरच्या बायकोचाच फिटरवर विश्वास नाही, हे सगळ्यांना कळलं असतं. मग तुझं काय राहिलं असतं?"

"आता काय राहिलंय?" ओटूने विचारलं.

ती अंधार पडायच्या आत घरी गेली. कालवणावर साय धरली. वाडगा न उघडता परत पाठवावा असं त्याला फार वाटलं, पण परत गेलेला वाडगा म्हणजे मोडलेला संसार, आणि तो सगळ्या आळीने पाहिला असता. अब्रू एकदा तिच्यासाठी घालवलीच होती. ती फुकट घालवण्यात अर्थ नव्हता. तो गार कालवण जेवला. जेवताना त्याची सगळी इंजिनं त्याच्या डोळ्यांसमोर येत होती, वर्षानुवर्षांची, एकही दगा न दिलेली. बंद पडलेल्या इंजिनाचं कारण शोधता येतं. चालत राहिलेलं इंजिन कशामुळे चाललं, हे कसं शोधायचं? त्याच्या हाताने, की तिच्या टोपणाने? टोपणभर पाण्याने काही होत नाही हे त्याला फिटर म्हणून पक्कं ठाऊक होतं. पण ज्या बाईच्या एका वाक्यावर त्याने पुन्हा पाना धरला होता, ते वाक्य तिने आजाऱ्याला औषध पाजावं तसं पाजलं होतं, हे कळल्यावर फिटरचं ठाऊक असणं कुठे पुरतं? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, असं त्याला वाटलं, आणि कापणाऱ्या हातानेच इतकी वर्षं जेवायलाही घातलं होतं.

हंगाम त्याने बसून काढला. एक दिवस सकाळी एग्या बाइडू आला, हातात एक मोठा भाजलेला मासा घेऊन. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "माझं नाक तुझ्याइतकं तिखट नाही, फिटर. पण मी शेजारीच उभा होतो. माझी बायकोपण जाते त्या खाडीपलीकडे."

ओटू म्हणाला, मग त्या दिवशी बोलला का नाहीस.

"तू बोलला नाहीस. तुझी बायको, तुझं तोंड." म्हाताऱ्याने मासा खाली ठेवला. त्याला आभार मानायचे होते, पण चांगल्या मनाची माणसं नको ते बोलून जातात, तसा तोही बोलून गेला. "आणि ते तर सगळ्या बायकांना ठाऊक आहे. माझी म्हणते, इंजिन ओटूकडेच द्यावं, हात त्याचा आणि पाणी अराबाचं. ताचिवा एवढी वर्षं तुझ्याकडेच का येत होती, तुला काय वाटलं?"

ओटूला काय वाटलं होतं ते त्याने सांगितलं नाही. मांडवातली बायकांची ती रांग त्याला आठवली, सगळ्या वाळूकडे बघणाऱ्या. ताचिवाचं बोलणं आठवलं. तिला पाण्याचं माहीत होतं, आणि तरी त्याचं डोकं गेलं असं ती म्हणाली होती. त्याने बाइडूला प्यायला पाणी विचारलं, मासा ठेवून घेतला आणि त्याला दारापर्यंत सोडलं. मग तो आत जाऊन हत्यारांच्या पेटीवर बसून राहिला, आणि रडला. मोठ्या माणसासारखा नाही. एबो गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता.

हंगाम संपल्यावर नानांनी त्याचे हात मोकळे केले. ओटू पुन्हा इंजिनं बसवतो. पहिल्यासारखाच हुंगतो, पहिल्यासारख्याच चिंध्या सोडतो, मात्र आता टोमणा मारत नाही. नवीन एवढंच केलं, की टाकी भरली की झाकणाला कुलूप लावतो आणि किल्ली होडी सुटताना तांडेलाच्या हातात देतो. कुलपाची गोष्ट बायकांमध्ये पसरली तशी गिऱ्हाइकं घटली. ओटूच्या इंजिनात आता पूर्वीचा दम नाही असं लोक म्हणतात. अजून एकही बंद पडलेलं नाही, पण म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार? फिफी दुसऱ्या होडीवर जातो, तिचं इंजिन विनेबाचा फिटर बघतो.

अराबाने त्यानंतर कधी पाणी ओतलं नाही. ओटूने तिला विचारलं नाही आणि तिने शपथ घेतली नाही, पण ओतलं नाही. वाडगा रोज वेळेवर येतो, आणि शेजारपाजार म्हणतो, बघा, एवढं होऊनसुद्धा बिचारीने एक दिवस चुकवला नाही. ओटूही एक घास टाकत नाही. फक्त झाकण काढलं की जेवायच्या आधी तो वाडग्यावर वाकतो आणि वास घेतो, आणि त्याचा वास घेऊन होईपर्यंत अराबा दारात उभी असते.